आनी कोतेव की आनी कोतेवेत? ॲपवर हिब्रू क्रियापदं करणाऱ्या कागलच्या पोरीला उत्तर

प्रश्न असा आलाय. कागलची मुलगी, नर्सिंग झालेलं, इस्राएलला केअरगिव्हर म्हणून जायची तयारी चाललीय. ती लिहिते, "चार महिने झाले मोबाईलवर ॲप घेऊन हिब्रूची क्रियापदं करतोय, रोज अर्धा तास, स्ट्रीक एकदा पण तुटली नाही, टेबलं तोंडपाठ आहेत. पण परवा सरावाच्या इंटरव्ह्यूला समोरच्या बाईनं 'काल काय स्वयंपाक केलास' एवढंच विचारलं आणि तोंडातून शब्द फुटेना. ॲप बदलू का? आणि सात बिन्यानपैकी आधी कुठला करू?"

(बिन्यान म्हणजे हिब्रू क्रियापदाचा साचा, असे सात आहेत.)

ॲप बदलू नकोस. पहिल्यांदा हेच सांगतो कारण माझ्याकडे येणारी निम्मी पोरं दर महिन्याला ॲप बदलत असतात आणि दर महिन्याला "काताव" म्हणजे लिहिलं इथनंच परत सुरुवात करतात. ॲप वाईट नाही, ते तू उलट्या बाजूनं वापरायलाईस एवढंच.

मी स्वतः इस्राएलमधल्या अश्दोदला सात वर्षं काढली, एका आजींकडे चार आणि त्या गेल्यावर दुसऱ्या एका आजोबांकडे तीन. आता राजारामपुरीत घरातच शिकवतो. पहिल्या आजींकडची तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट सांगतो म्हणजे बाकीचं सगळं त्यातनं कळेल. आजी बाथरूमच्या दारात उभ्या, एक हात भिंतीला, आणि मला जोरात म्हणतात "आनी एपोल! एपोल!" मी टॉवेल घेऊन तशीच उभी, डोक्यात चक्र चालू की एपोल म्हणजे काय, सफरचंद तर मागत नाहीत ना. तोवर त्या खाली बसल्या धपकन. नशीब लागलं नाही. पडणे हे क्रियापद मला येत होतं बरं का! नाफाल, नाफाल्ती, नाफाल्ता, सगळं टेबल मी विमानात बसून म्हटलेलं. पण ते भूतकाळाचं. भविष्यकाळात त्यातला "न" गायब होतो आणि "फ" चा "प" होतो, म्हणून "मी पडेन" हे "एपोल". ॲपमध्ये ते रूप होतं की, तिसऱ्या पानावर, खाली, आणि मी ते डोळ्यानं वाचलेलं. कानानं कधी ऐकलंच नव्हतं.

तर मुद्दा हा आहे. ॲपवर तू रूपं ओळखायला शिकतेस, चार पर्याय समोर असतात, त्यातला बरोबर तो टिचकवायचा. घरात आजी चार पर्याय देत नाहीत. तालमीत कितीही जोर मारले तरी खासबागेत उतरल्यावर समोरचा कुठून पट काढंल ते कळत नाही, तसं आहे हे. जोर मारायचेच, पण त्यालाच कुस्ती समजायचं नाही.

आता टेबलाचं काय करायचं. टेबल पूर्ण पाठ करायची गरजच नाही, चार खुंट्या पाठ कर. प्रत्येक क्रियापदाची चार रूपं: "करायला" वालं, म्हणजे ल नं सुरू होणारं, मग वर्तमानातला "तो", भूतकाळातला "तो" आणि भविष्यातला "तो". पडण्याचं घे: लिपोल, नोफेल, नाफाल, यिपोल. झालं. आता यातनं बाकीची कपडे लटकवल्यासारखी लटकतात. नाफालला शेपट्या लाव, मी असेल तर ती, तू पुरुष असेल तर ता, तू बाई असेल तर त, आम्ही असेल तर नू: नाफाल्ती, नाफाल्ता, नाफाल्त, नाफाल्नू. यिपोलचं नुसतं तोंड बदल: एपोल मी, तिपोल तू, निपोल आम्ही. आजीला "पडशील गं" म्हणायचं तर तिप्ली. भूतकाळात शेपटी हलते आणि भविष्यात डोकं हलतं, हे माझं पोरांना सांगायचं वाक्य आहे, व्याकरणवाले नाक मुरडतील पण लक्षात राहतं.

शाळेत संस्कृत केलं असशील तर "तो" पासून का सुरू करायचं हे तुला विचित्र वाटणार नाही. गच्छति गच्छतः गच्छन्ति, तिथं पण प्रथम पुरुष म्हणजे "तो"च. हिब्रू डिक्शनरीत पण शब्द "काताव" म्हणजे "त्यानं लिहिलं" असाच सापडतो. इंग्रजीतनं शिकणाऱ्या लोकांना हे कळायला महिना जातो. फक्त एक फरक ध्यानात ठेव, आपल्याकडचे दहा गण म्हणजे धातूची जात, भू पहिल्या गणातला तो पहिल्याच गणातला. बिन्यान तसा नाही. एकच धातू बिन्यान बदलला की अर्थ बदलतो. लामाद म्हणजे शिकला, लिमेद म्हणजे शिकवलं. मराठीत आपण शिकणे-शिकवणे करतोच की, तोच खेळ.

आणि हे मराठी माणसाला खरं तर फुकटात मिळालेलं आहे. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे, पडणे-पाडणे, हे आपण न शिकता बोलतो. हिब्रूत "शावार" म्हणजे फोडला, "निश्बार" म्हणजे फुटला, "शिबेर" म्हणजे पार चक्काचूर केला. पहिला पाआल बिन्यान, दुसरा निफ्आल, तिसरा पिएल. कप हातातनं पडला की आपल्याकडं कुणी "मी कप फोडला" म्हणत नाही, कप आपला आपण फुटतो! तिथं पण तसंच म्हणायचं, "निश्बेरा हाकोस", ग्लास फुटला. मी पहिल्या महिन्यात प्रामाणिकपणे "शावार्ती" म्हणायचो, म्हणजे मी फोडला, आणि आजी माझ्याकडं बघत बसायच्या की ही बाई मुद्दाम फोडते का काय.

बिन्यान कुठला आधी, तर माझं मत सगळ्या ॲपच्या विरुद्ध आहे. ॲप पाआलपासून सुरू करतात कारण रोजची लई क्रियापदं त्यात आहेत, पण वाकडी-तिकडी पण तिथंच जास्त, न पडणारी, य पडणारी, मधलं अक्षर गिळणारी. तू पिएलपासून सुरू कर. पिएल म्हणजे सरळ माणूस, एक आलं की शंभर आले. लेदाबेर बोलणे: मेदाबेर, दिबेर, येदाबेर. त्याच चालीवर लेवाशेल स्वयंपाक करणे, लेसादेर आवरणे, लेसापेर सांगणे, लेशालेम पैसे देणे, लेवाकेश मागणे. आणि तुझं स्वतःचं काम, लेतापेल, म्हणजे सांभाळणे, काळजी घेणे. केअरगिव्हर बाईला "मेतापेलेत" म्हणतात ते यातलंच वर्तमानाचं रूप. म्हणजे तुझ्या कागदावर जो हुद्दा लिहिलाय तो स्वतःच एक क्रियापद आहे, "सांभाळते ती". नवीन शब्द पण हिब्रूवाले ह्याच पिएलमध्ये ढकलतात, टेलिफोन आला की लेतालफेन, एसेमेस आला की लेसामेस, गूगल आलं की लेगागेल. आपण मागं "करणे" चिकटवून मोकळं होतो, ते शब्दाची हाडं काढून नवीन साच्यात ओततात. शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणाऱ्या घरातल्यांना हे पटकन समजतं, साचा एकच, धातू बदलायचा.

पिएल तीन आठवडे, मग हिफ्इलमधली पाच-सहाच, त्यातलं लेहार्गिश म्हणजे वाटणे हे पहिलं. "एख आत मार्गिशा?" म्हणजे कसं वाटतंय, दिवसातनं दहा वेळा लागतं. इथं एक गंमत बघ, पिएलमध्ये बाईचं रूप "एत" नं संपतं, मेदाबेरेत, आणि हिफ्इलमध्ये "आ" नं, मार्गिशा. मग हित्पाएल, अंघोळ करणे लेहित्कालेआख, कपडे घालणे लेहित्लाबेश. हित्पाएलमध्ये स किंवा श आला की तो त च्या पुढं उडी मारतो, लेहिस्तादेर, लेहिश्तामेश. ॲप ह्याला मोठा नियम म्हणून दाखवतं, आपण नुकसानचं नुस्कान आणि डेस्कचं डेक्स करतो तसंच आहे ते, जिभेला सोपं जातं म्हणून. पुआल आणि हुफ्आल सध्या सोडून दे. ते कर्मणी आहेत, पेपरात वाचताना भेटतील.

पाआल पूर्ण नंतर कर असं नाही पण, त्यातली वाकडी आठ-दहा आधी लागणारच, ती नियम न बघता सरळ चार खुंट्यांनी पाठ कर. देणे लातेत, नोतेन, नातान, यितेन. घेणे लाकाखात, लोकेआख, लाकाख, यिकाख; ह्याचं पहिलं अक्षर ल असून ते न सारखं पडतं, कशाला ते विचारू नकोस. उठणे लाकूम, काम, काम, याकूम. पिणे लिश्तोत, शोते, शाता, यिश्ते. ख मी जो लिहितोय तो आपला ख नाही, घशात खरखर होते तसला आहे, ऐकून घे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे तुला कुठलंच ॲप सांगणार नाही कारण ॲप बनवणाऱ्याला कोल्हापूर माहीत नाही. तुझ्या प्रश्नात तू लिहिलंयस "करतोय". मी पण वर सगळीकडं सांगतो, शिकवतो, म्हणायचो लिहिलंय. आपल्याकडं बायका-पोरी "मी जातो, मी येतो"च म्हणतात, पुण्याची पाहुणी आली की हसते, हसू दे. पण हिब्रूत वर्तमानकाळात बाईनं बाईचंच रूप वापरायचं. मी लिहितो आनी कोतेव, मी लिहिते आनी कोतेवेत. मी पहिले दोन महिने आनी मेदाबेर, आनी रोत्से करत होतो, म्हणजे मी बोलतो, मला पाहिजे म्हणणारा बाप्या. आजी म्हणायच्या, तू पुरुष आहेस का गं? मला वाटायचं उच्चार चुकला. पुण्या-मुंबईच्या पोरींना हे आपोआप येतं कारण त्या घरात लिहिते-बोलतेच म्हणतात, आपल्याला मात्र मुद्दाम बसवावं लागतं. म्हणून ॲपमध्ये सेटिंग असेल तर स्वतःला स्त्री कर, नसेल तर पुरुषाचं रूप आलं की मोठ्यांदा बाईचं म्हणून मगच पुढं जा.

बरं यातला दिलासा असा की हे फक्त वर्तमानकाळात आहे. भूतकाळ आणि भविष्यात "मी" ला लिंग नाही, काताव्ती मी लिहिलं, एख्तोव मी लिहीन, बाई असो बाप्या असो. पण तिथं आपली मराठी दुसरीकडून पाय घालते. आपण "मी पत्र लिहिलं, चिठ्ठी लिहिली, अर्ज लिहिला" म्हणतो, क्रियापद लिहिलेल्या वस्तूबरोबर फिरतं. हिब्रूत तसं नाही, काहीही लिही, काताव्तीच. उलट दुखण्याचं मात्र आपल्यासारखंच, जे दुखतं त्याप्रमाणं क्रियापद: डोकं दुखतंय कोएव ली हारोश, पोट दुखतंय कोएवेत ली हाबेतेन. फक्त लिंग वेगळी, आपली पाठ दुखते आणि त्यांची दुखतो, कोएव ली हागाव. हात-पाय दोन्ही तिकडं स्त्रीलिंगी. नपुंसक नाहीच.

अजून एक घोळ, "तिख्तोव" म्हणजे "तू लिहिशील" पुरुषाला, आणि "ती लिहील" पण तेच. ॲपमध्ये प्रश्न आला की पोरं वैतागतात की दोन उत्तरं बरोबर कशी. बोलताना घोळ होत नाही, समोर कोण आहे ते दिसतं ना.

आणि तुला "मी" आणि "तो" पेक्षा जास्त लागणार आहे "तू". ॲपमध्ये आज्ञार्थ सगळ्यात खाली असतो, आणि सांभाळणाऱ्या बाईचं निम्मं बोलणं आज्ञार्थ. बस, ऊठ, ये, घे, पी, पडशील, थांब. अश्दोदला आमच्या खालच्या मजल्यावर बेने इस्राएली, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू, काकू होत्या, मूळ पेणच्या, पन्नास वर्षं तिकडं राहून मराठी अजून कुलाबा जिल्ह्याची. त्यांनी मला पहिल्या आठवड्यात सांगितलेलं की पोरी, हुकूम आधी शीक, गोष्टी नंतर सांग. बाईला म्हणायचं तर बोई ये, श्वी बस, कूमी ऊठ. रोजच्या बोलण्यात लोक भविष्यकाळच आज्ञेसारखा वापरतात, तिश्ती मायिम म्हणजे पाणी पी, तिक्खी म्हणजे घे. आजोबा असले की तिश्ते, तिकाख. आणि हो, तिकडं अहो-जाहो नाही. नव्वद वर्षांच्या माणसाला पण "आता" म्हणजे तू. आजीला आपण अगं म्हणतोच त्यामुळं जड जात नाही, पण आजोबांना तू म्हणताना माझी जीभ वर्षभर अडखळायची.

या बेने इस्राएलींवरनं आठवलं, आपण हिब्रू शिकणारे पहिले मराठी नाही. १८३२ साली मुंबईत जॉन विल्सन नावाच्या मिशनऱ्यानं ह्याच लोकांसाठी मराठीतनं हिब्रूचं व्याकरण छापलं होतं. जवळजवळ दोनशे वर्षं झाली, आणि आज प्ले स्टोअरवर मराठीतनं शिकवणारं एक धड ॲप शोधायला गेलं तर इंग्रजीतनंच शिकावं लागतं, आता काय बोलायचं.

मोबाईलवर प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. तुझं खेळाचं ॲप ठेव पण दहा मिनिटंच, स्ट्रीक राहू दे बिचारी. रूप अडलं की पेआलीम नावाची साईट आहे, कुठलंही रूप टाकलं की मूळ क्रियापद आणि पूर्ण टेबल काढून देते, जोर कुठल्या अक्षरावर ते पण दाखवते. ती डिक्शनरीसारखी वापर, वाचत बसू नकोस. आणि अंकी नावाचं कार्डाचं ॲप टाक, अँड्रॉइडवर फुकट आहे, त्यात कार्ड स्वतः बनव. तयार डेक म्हणजे कार्डांचा गठ्ठा घेऊ नकोस, त्यात पुढच्या बाजूला "फ्युचर, सेकंड पर्सन, फेमिनिन" असलं लिहिलेलं असतं, आणि आपलं डोकं आधी इंग्रजीचं मराठी करण्यात जातं. तुझ्या कार्डाच्या पुढं मराठी वाक्य पाहिजे, जसं घरात लागंल तसं. "आजी, पाणी पी." मागं: साव्ता, तिश्ती मायिम. "आजोबा पडले." साबा नाफाल. मागच्या बाजूला स्वतःचा आवाज नको, शक्य असेल तर ओळखीच्या हिब्रूवाल्याकडनं व्हॉईस मेसेज घेऊन तो चिकटव, नाहीतर फोनचा हिब्रू आवाज चालंल. दिवसाला पाच नवी कार्डं, जास्त नाही. आणि कार्ड बघून मनात उत्तर देऊ नकोस, तोंडानं. रंकाळ्याच्या कडेनं फिरायला जात असशील तर कानात हेडफोन घालून बोल, फोनवर भांडतेय असं वाटंल लोकांना, वाटू दे.

लिपीचं. इंग्रजी अक्षरातलं हिब्रू पहिल्या दिवसापासून बंद कर, त्यात ए म्हणजे आ का ए का ॲ काही कळत नाही. वहीत देवनागरीत लिही, आपल्या लिपीत स्वर पक्के बसतात. पण एक महिन्यानंतर देवनागरी पण सोड. अक्षरं २२ आहेत, आणि पाच अक्षरं शब्दाच्या शेवटी वेगळी लिहितात, एवढंच. ॲपमध्ये अक्षरांखाली जे ठिपके-रेघा असतात ना स्वरांचे, निकूद म्हणतात त्याला, ते बाहेर रोजच्या वाचण्यात नसतात. औषधाच्या पाकिटावर नाही, आजींच्या मुलीच्या व्हॉट्सॲपवर नाही. मोडी वाचणारे कसे ह्रस्व-दीर्घ संदर्भावरनं ठरवतात, तसंच वाचायचं. ॲपमध्ये निकूद बंद करायचं बटण असेल तर तिसऱ्या महिन्यात बंद कर, चार दिवस आंधळ्यासारखं होईल, मग साच्यावरनंच शब्द ओळखायला येतो. चार खुंट्यांचा खरा फायदा इथं दिसतो.

इंटरव्ह्यूचं टेन्शन घेऊ नकोस फार. २०२३ च्या मे महिन्यात भारत आणि इस्राएलचा ४२ हजार कामगारांचा करार झाल्यापासून ह्या कामासाठी तयारी करून घेतो म्हणणारे सगळीकडं उगवलेत. एकानं तर माझ्या ओळखीच्या पोराकडनं मोठी फी घेऊन मोबाईलवर एका ॲपची लिंक पाठवली, तेवढाच कोर्स. पैसे देण्याआधी विचार, रोज समोर बसून कोण बोलणार आहे माझ्याशी.

परवाचं तुझं वाक्य होतं "मा बिशाल्त एत्मोल", काल काय शिजवलंस. तुला लेवाशेल येत होतं, मेवाशेलेत येत होतं, पण बिशाल्त कानावर पडल्यावर व चा ब झालेला ओळखला नाहीस. नाफाल-एपोलसारखंच झालं, तिथं फ चा प, इथं व चा ब, उलट्या दिशेनं. लेवाशेल, मेवाशेल, बिशेल, येवाशेल. उद्या सकाळी मला व्हॉईस मेसेज पाठव, काल घरात काय केलं ते सांग. नुसतं "ओरेझ" म्हणजे भात असं म्हणून सुटायचं नाही, बिशाल्ती पाहिजे. तांबडा-पांढरा केला असेल तर त्याला हिब्रू शब्द शोधत बसू नकोस, बिशाल्ती तांबडा रस्सा म्हण, चालतंय.